तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना न कळता पैसे घालावेत का?

लोकांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. त्यामुळे फोन ठेवता ठेवता कुणीतरी आई किंवा वडील आवाज खाली आणून विचारतातच, "मुलाच्या धंद्यात त्याला न कळता थोडे पैसे घातले तर चालेल का हो?"

घाला, पण गिऱ्हाईक बनून नको.

एका मुलीचा हाताने शिवलेल्या वह्यांचा धंदा होता. तिचं एक गिऱ्हाईक भाड्याच्या तारखेच्या बरोब्बर दोन दिवस आधी उगवायचं. घासाघीस नाही, माल परत नाही. इतकं गुणी गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलेलं नाही. वडीलच मित्राच्या नावाने वह्या मागवत होते. दुसऱ्याच महिन्यात मला वास आला, पण मी गप्प बसले. (माझी फी ती मुलगी देत होती, तिचे वडील नाही. हे तेव्हा सुचलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.)

त्या खपाच्या भरवशावर तिने कर्ज काढून कागद कापायचं मशिन घेतलं, हाताखाली एक बाई ठेवली. मग वडील निवृत्त झाले आणि ऑर्डरी आटल्या. तिला वाटलं, आपलंच काम घसरलं. कागद बदलला, टाका बदलला, रात्र रात्र जागून नवे नमुने केले, कधी नव्हतंच त्या गिऱ्हाइकासाठी. खरं कळलं तेव्हा पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. "त्या वह्या कुणाला नको होत्या, हे मला दोन वर्षं आधी कळलं असतं," एवढंच म्हणाली.

२०१९ साली अमेरिकेत कॉलेज प्रवेशांचा घोटाळा उघडकीला आला. अभिनेत्री फेलिसिटी हफमनने मुलीचे परीक्षेतले गुण वाढवून घ्यायला १५,००० डॉलर मोजले होते, मुलीला पत्ताही नव्हता. आईला १४ दिवसांची कैद झाली. तो उघड गुन्हा, वह्या घेणं गुन्हा नव्हे. पण मुलीने आईला विचारलं ते हेच, की तुझा माझ्यावर विश्वास का नव्हता?

स्वाभिमान दुखावेल म्हणून लपवतो, असं सगळे आईवडील सांगतात. मला वाटतं, मूल "नको" म्हणेल याचीच धास्ती जास्त असते.

माझ्या मुलाच्या स्टुडिओचं सहा महिन्यांचं भाडं मी भरलं, त्याला सांगून. त्याच्या खातेवहीत 'आईकडून उसने' असं एक पान आहे. त्याला ते आवडत नाही. मलाही नाही, कारण त्याची बेरीज दर वेळी चुकते, आणि दर वेळी माझ्याच विरुद्ध.