प्रश्नचिन्ह कुणी दिलं?

मी मुद्रितशोधन करते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनही माझ्याकडे असतं. त्यामुळे उपासना संपून चहा हातात आला की कुणीतरी हमखास विचारतं, "बायबलमधली ही प्रश्नचिन्हं मुळात होती का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. नव्हती. एकही नव्हतं.

ग्रीक नव्या कराराची चौथ्या शतकातली सिनायची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात सगळी अक्षरं एकाला एक चिकटून, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही. मोडी पाहिलेल्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही ओळ आखून तिच्याखाली सलग लिहीत जायचे, आणि कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं बघायचं. मराठीला विरामचिन्हांची शिस्त लागली ती १९व्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनं. ग्रीकचं प्रश्नचिन्हही मागाहून आलं, आणि ते दिसतं थेट आपल्या अर्धविरामासारखं. छापील ग्रीक पान मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा पेन्सिल आपोआप हातात आली होती.

मग प्रश्न ओळखायचा कसा? 'कोण', 'कुठे', 'का' असे शब्द असले की झालं. हिब्रूत वाक्याच्या सुरुवातीला 'ह' लागतो. भावाला मारून आलेला काइन देवाला म्हणतो, "मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?" तिथं तो 'ह' आहे. हेच काम आपला 'काय' शेवटी करतो, त्यामुळे मराठी बायबलातलं प्रश्नचिन्ह पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. ग्रीकची तऱ्हा मला जास्त आवडते. तिथं प्रश्नात 'मे' हा नकाराचा शब्द आला तर विचारणारा 'नाही' असं उत्तर धरून चाललेला असतो. शोमरोनी बाई विहिरीवरून गावात येते आणि येशूबद्दल विचारते, तेव्हा तिच्या तोंडी असाच शब्द आहे. मी तो असा ऐकते: "हाच ख्रिस्त नसेल ना?" मनातून खात्री पटत आलेली, पण गावाचा भरवसा नाही. तो 'ना' आपल्या प्रत्येक गल्लीत ऐकू येतो.

अडचण होते ती यांतली कुठलीच खूण नसते तेव्हा. रोमी सुभेदार पिलात येशूला म्हणतो, "तू यहूद्यांचा राजा आहेस". ग्रीकमध्ये शब्द एवढेच. प्रश्न, टोमणा की नुसतं विधान, हे आवाजावर. उत्तर येतं, "तू म्हणतोस". यालाही काही जण प्रश्नचिन्ह लावून वाचतात. मराठी भाषांतरकाराला मात्र 'काय' घालायचा की नाही, हे ठरवूनच पुढं जावं लागतं.

पण खरी मेख आहे योनाच्या पुस्तकात. देव ज्याचा नाश करणार होता ते निनवे शहर बचावलं म्हणून संदेष्टा योना रुसून बसलाय, डोक्यावर सावली धरणारा वेल वाळला म्हणून हळहळतोय. देव म्हणतो, तुला त्या वेलीची कीव आली, मग एवढ्या मोठ्या निनवेची, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांची आणि पुष्कळ गुरांची मी कीव करू नये काय? हिब्रूत इथं 'ह' नाही. शब्द बघितले तर "मी निनवेची कीव करणार नाही" असंही वाचता येतं, आणि तसं वाचणारे अभ्यासक आहेत. इ.स.पू. ६१२मध्ये निनवे पडलंच, हा त्यांना मिळणारा आयता आधार. मला ते पटत नाही. आदल्याच अध्यायात देवानं आपला बेत बदललाय. आणि विधान म्हटलं तर वेलीचा सगळा दाखला फुकट जातो.

हे मी एवढ्या तावातावानं सांगते त्याला कारण आहे. एका चर्चच्या स्मरणिकेत हा भाग छापायचा होता. मजकूर पानाबाहेर एक शब्द जात होता, म्हणून जुळणी करणाऱ्यानं शेवटचा 'काय' उडवला आणि त्याच्यासोबत चिन्हही गेलं. छापून आलं, "निनवेची मी कीव करू नये." त्या प्रुफावर सही माझी होती. एका आजोबांनी अंक माझ्यापुढं धरला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग गुरांचं काय झालं?"

त्यांनी नेमकं धरलं होतं. मराठीत हे पुस्तक 'काय'वर संपतं, हिब्रूत गुरांवर. शेवटचे दोन शब्द 'उव्हेमा रब्बा', म्हणजे 'आणि पुष्कळ गुरं'. चिन्ह नाही, 'ह' नाही, योनाचं उत्तरही नाही. आता हे वाचन माझ्याकडे आलं की मी गुरांपाशी आवाज थोडा वर नेते, मग 'काय' म्हणते आणि पुस्तक मिटते.