ब्रुफर्ड आणि रूपक

काल रात्री सांगलीत लाईट गेलेली, मग गच्चीवर हेडफोन लावून येस या ब्रिटिश रॉक बँडचं जुनं ऐकत बसलो. त्यांचा ड्रमर बिल ब्रुफर्ड म्हणजे येडा माणूस राव, 1968 ला बँड सुरू करणाऱ्यांत हा, आणि 1972 ला चांगलं नाव झालेलं असताना सोडून सरळ किंग क्रिमझन या दुसऱ्या बँडमध्ये गेला! आमच्यात असं केलं तर घरचे जेवायला वाढणार नाहीत. त्याचा स्नेअर ड्रम तर असला टणटणीत की लगेच कळतं हाच. मी मिरजेत थोडा तबला शिकलोय, रूपक तालाच्या सात मात्रा बोटांत आहेत, तरी याच्या विषम मात्रा मोजताना माझी सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकतेच. 1986 ला अर्थवर्क्स हा बँड काढून जॅझकडं वळला, 2009 ला स्टेज सोडलं, मग ड्रमिंगवर पीएचडी. तेवढ्यात लाईट आली, खालून आईची हाक, मोटर लाव म्हणून.