पिळून घेतलेलं नाव

शेवाळावरून पाय घसरतो असं आपण म्हणतो, पण पायाखाली असतं ते बहुधा शैवल. हरिता, म्हणजे मॉस, ही मंडळी वेगळी. यांना खोड असतं, पानं असतात, खरी मुळं तेवढी नसतात. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात तर ‘रेनडिअर मॉस’ म्हणून मिरवणारी वस्तू चक्क दगडफुलाच्या जातकुळीतली निघते.

दलदलीतल्या स्फॅग्नम या हरितेचा झुपका पिळला की स्पंजासारखं पाणी ओघळतं. कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी तो धरू शकतो. पानातली बरीचशी जागा मेलेल्या, रिकाम्या, छिद्रं पडलेल्या पेशींनी अडवलेली असते आणि जिवंत हिरव्या पेशी मधल्या फटींत अंग चोरून बसतात. त्या कुठल्या बाजूला डोकावतात, यावर स्फॅग्नमच्या जातींचे विभाग पाडण्याचं बरंच अडलेलं आहे. फांदीच्या पानाचा आडवा छेद घ्यावा. हिरव्या पेशी आतल्या, खोलगट बाजूला जास्त उघड्या असल्या तर अ‍ॅक्युटिफोलिया विभाग, बाहेरच्या फुगीर बाजूला असल्या तर कस्पिडाटा. खोडाच्या सालीत मळसूत्री धागे दिसले, तर स्फॅग्नम याच नावाचा विभाग.

रंगावर मात्र विसंबू नये. एकच जात उन्हात लालबुंद, सावलीत हिरवीगार.

ओळखण्यासाठी नमुना मूठभर पुरे. पिळून कागदी पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते, दाबून वाळवला तर ठेवण बिघडते. पाणी साचलेलं होतं की उंचवटा होता, हे तिथेच लिहावं. तपासताना गरम पाण्यात भिजवून खोडाची आणि फांदीची पानं वेगळी काढावीत. नवशिक्याची गफलत इथेच होते: दोन्ही एकाच काचपट्टीवर पडतात आणि मग जात ओळखायची कुठलीच किल्ली, म्हणजे लक्षणांची यादी, लागत नाही. छिद्रं दिसेनात तर क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाचा थेंब सोडून जादा रंग धुवावा.

नावांच्या जन्मतारखेतही स्फॅग्नमचा सवतासुभा. इतर हरितांची शास्त्रीय नावं वनस्पतिशास्त्रज्ञ हेडविगच्या १८०१ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरत आले, स्फॅग्नमची मात्र वर्गीकरणकार लिनीअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून.

चुनखडीच्या पाणथळीतल्या तपकिरी हरितांची गत आणखी अवघड. ड्रेपॅनोक्लॅडससारख्यांची कोयत्यागत वाकडी पानं पाण्याखाली वाढली की सरळ होऊ लागतात. तिथे पानाच्या बुडाशी, कोपऱ्यातल्या पेशी पाहाव्यात. टुंड्रातल्या चिमूटभर गुंत्यात चारपाच जाती सहज निघतात, म्हणून एकेक काडी सोडवावी आणि पाकिटावर सगळ्यांची नावं लिहावीत.