तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फर्ज’च का?

हेरपटांचा विषय निघाला की, जगातले एकाहून एक सरस हेरपट सोडून तुम्हांला १९६७ सालचा जितेंद्रचा ‘फर्ज’च का आठवतो, असे मला हमखास विचारले जाते. विचारणारे बहुधा आमच्या जळगाव-धुळ्याकडचेच असतात, म्हणून उत्तर त्यांना पटावे. ज्याचे काहीच गुप्त राहत नाही असा गुप्तहेर खानदेशी माणसाला जितका जवळचा वाटेल, तितका इतर कोणाला वाटणार नाही. आमच्या गावात एखादा परका माणूस एस.टी.तून उतरला, तर त्याचा चहा संपायच्या आत तो कोणाकडचा, कशासाठी आला आणि जेवायला थांबणार की नाही, हे साऱ्या पारावर ठाऊक झालेले असते.

कथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. एजंट ३०३ मारला जातो, तपास एजंट ११६ म्हणजेच गोपालकडे येतो, आणि ज्यांच्यावर संशय घ्यायचा त्यांच्याच मुलीच्या, सुनीताच्या, तो प्रेमात पडतो. सुनीता झालेल्या बबिताच्या वाढदिवसाला हा देशाचा गुप्तहेर भर मेजवानीत रफींच्या आवाजात ‘बार बार दिन ये आये’ गातो आणि तिचे नाव घेऊन इंग्रजीतून शुभेच्छाही देतो. आनंद बक्षी आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे ते गाणे आजही वाढदिवसांना वाजते. त्या तपासातून दुसरे काय हाती लागले, ते मात्र फारसे कोणाला सांगता येत नाही.

अमळनेरला बोरीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथल्या तंबूत मी हा चित्रपट पाहिला, तेव्हा जागा न मिळालेली मंडळी पडद्याच्या मागच्या बाजूला बसली होती आणि त्यांच्या वाट्याला आलेला गोपाल सगळी पिस्तुले डाव्या हाताने झाडत होता. नायकाचे दुसरे की तिसरे गाणे सुरू झाले, तशा माझ्या शेजारच्या आजीबाई वैतागून म्हणाल्या, “हाऊ गुपित पोलीस शे ना, मंग गावभर गाना काबरं म्हनत फिरस?” या चित्रपटाचे याहून नेमके परीक्षण मी आजवर वाचलेले नाही.

आता त्या पांढऱ्या बुटांविषयी. ‘मस्त बहारों का मैं आशिक’ म्हणत उड्या मारणाऱ्या जितेंद्रचे पांढरे बूट पुढे त्याची ओळखच बनले, पण आमच्याकडच्या काळ्या कपाशीच्या रानात, मृगाचा पहिला पाऊस पडल्यानंतर, ते घालून पाठलाग करणारा हेर दुसऱ्या बांधापर्यंत पोहोचला नसता. तरीही त्याच्या उड्यांना हसताना मी हात आखडता घेतो. गिरगावच्या चाळीत वाढलेला हा रवी कपूर शांतारामबापूंच्या ‘नवरंग’मध्ये संध्याबाईंच्या जागी डमी म्हणून उभा राहिला होता आणि १९६४ साली ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये त्याच बापूंनी त्याला नायक केले. पडेल ते काम जीव ओतून करण्याची ती सवय ‘फर्ज’च्या प्रत्येक उडीत दिसते. कथा कितीही पोकळ असो, गडी अंग चोरत नाही.

खरी गंमत दिग्दर्शकाची आहे. १९६६ च्या ‘गूढचारी ११६’ या तेलुगू चित्रपटावरून ‘फर्ज’ करणारे रविकांत नगाइच हे मूळचे छायाचित्रकार, आणि तेही तेलुगू पौराणिकपटांत कॅमेऱ्याच्या करामती करणारे. हे समजल्यावर खलनायकाच्या अड्ड्याचा उलगडा होतो: ती रावणाची सभाच आहे, फक्त तिला दिवे आणि बटणे बसवली आहेत. परदेशी हेरपटांत यंत्र कसे चालते याची निदान बतावणी तरी करतात. इथे बटण दाबले की चमत्कार होतो आणि पौराणिकपटांवर पोसलेला आमचा प्रेक्षक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

याच नगाइचांनी १९७३ च्या ‘कीमत’मध्ये धर्मेंद्रला पुन्हा गोपाल आणि पुन्हा एजंट ११६ केले, तर १९७९ च्या ‘सुरक्षा’मध्ये मिथुन गनमास्टर जी-९ झाला खरा, पण नाव गोपीच राहिले. शत्रूला हेर ओळखायला याहून अधिक मदत कोणत्या खात्याने केली असेल, असे वाटत नाही.