लाल म्हणजे लाल

आज सकाळी सिग्नलला सायकल थांबवून उभा होतो. शेजारच्या गाडीची काच खाली झाली आणि आतले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही सायकलवाले टॅक्स भरत नाही, नियमही पाळत नाही, मग रस्ता कसला अडवता?"

उत्तर द्यायच्या आत मागून एक सायकलवाला सुसाट आला, लाल दिवा असताना सरळ पुढे निघाला. झेब्रा क्रॉसिंगवर एक आजी होत्या. हातातली पिशवी छातीशी धरून दचकून मागे सरकल्या. अजून त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

पैशाचं म्हणाल तर मला ते पटत नाही. रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मी आणि सायकल मिळून 100 किलो, गाडी 1500 किलो. वजन 15 पट, पण झीज 15×15×15×15, म्हणजे जवळजवळ 50,000 पट! माझ्या वाट्याची पट्टी काढली तर ती गोळा करायचा खर्चच जास्त होईल. आणि बहुतेक रस्ते तर सगळ्यांच्याच करातून होतात, त्यात मीही आलो.

पण नियमांचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातही सायकल हे वाहनच आहे. मग सिग्नल, हात दाखवून वळणं, रात्री दिवा, उलट्या बाजूने न येणं, हे सगळं आपल्यालाही लागू आहे. धक्का लागून पडल्यावर आजींना वजनाचं गणित सांगणार का?

हिरवा लागेपर्यंत आजी पलीकडे पोचल्या होत्या. मग मी निघालो.