पितळेची जाळी ते पोलिस्टरची शीट : आमची वाटचाल

जळगाव म्हटलं की केळी, सोनं, डाळ मिल आणि एमआयडीसीतल्या चटया. त्याच एमआयडीसीत पत्र्याच्या एका शेडमध्ये कागदकामाच्या बारीक नक्षीच्या स्टेन्सिल, म्हणजे पोकळ्या कापून नक्षी काढलेल्या जाळ्या आणि शीट, कापल्या जातात आणि नाशिक, पुणे, सुरत, इंदूरपर्यंत जातात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लग्नातली आहेराची पाकिटं, मखराच्या झालरी, शाळेतली भेटकार्डं, हाताने केलेले अल्बम, कुठे ना कुठे आमची नक्षी तुमच्या हाताखालून गेलेली असणार. ती आमची आहे हे तुम्हाला कळलं नसेल, कारण मधल्या काळात ती दुसऱ्याच माणसाने विकली. ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

सुरुवात पितळेपासून झाली. 2006 साली माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान होतं. पत्रिकेवर उठावाची नक्षी सगळ्यांना हवी असायची, पण त्यासाठीची डाय, म्हणजे नक्षीचा धातूचा छाप, बाहेरगावाहून करून आणावी लागे आणि शे-दोनशे पत्रिकांच्या गिऱ्हाइकाला तो खर्च झेपत नसे. सराफ बाजारात तेव्हा जाळीकामाचे एक कारागीर होते. सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. कास्टिंगचे दागिने आल्यापासून त्यांच्या हाताला काम कमी झालं होतं. केळीच्या पानांची एक वेल कागदावर काढून मी त्यांच्याकडे गेलो आणि ही पितळी पत्र्यात कापून द्याल का, असं विचारलं. मामांनी कागद हातात धरून बराच वेळ बघितला, मग वेलीतल्या एका फुलावर नख ठेवलं आणि म्हणाले, “हाई फूल पडी जाई, भाऊ.”

बरोबरच होतं. फुलाभोवती सगळीकडून कापलं तर मधलं फूल गळूनच पडणार. ते धरून ठेवायला बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात, ब्रिज. हे ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण ब्रिज कुठे सोडायचा, किती जाड, कुठल्या कोनात, हे ज्याला जमतं त्याचीच स्टेन्सिल डोळ्याला गोड दिसते. मामा ब्रिज पानाच्या शिरेत लपवायचे, देठात लपवायचे. बघणाऱ्याला वाटे नक्षीच तशी आहे. जपानात किमोनोचं कापड रंगवायच्या कागदी स्टेन्सिल असतात, कातागामी. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवून त्या करतात, आणि नक्षी फारच नाजूक असेल तर ती जागेवर राहावी म्हणून दोन थरांच्या मध्ये रेशमाचे धागे टाकायची रीत होती. ह्याची चित्रं मी मामांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुसून ती पाहिली आणि त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

त्यांचं कापणं बघण्यासारखं होतं. नक्षीचा कागद पत्र्यावर चिकटवायचा. जिथे जिथे पोकळी हवी तिथे आधी ड्रिलने बारीक भोक. मग करवतीचं पातं एका टोकाला सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत ताणून कसायचं आणि कापायला घ्यायचं. एक पोकळी झाली की पातं पुन्हा सोडायचं, पुढच्या भोकात ओवायचं. पातं केसाएवढं. वळणावर मामा करवत कधी फिरवत नसत, पत्रा फिरवत. करवत आपली जागच्या जागी वर-खाली. शेवटी कानशीने कडा साफ. पितळेची एवढीशी कूस राहिली तरी कार्ड चिरतं, म्हणून बोटाच्या पेराने प्रत्येक कड तपासल्याशिवाय त्यांनी एकही पत्रा माझ्या हातात दिला नाही. त्यांनी कापलेल्या जाळ्या अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि आजही त्यांच्यावर उठाव काढता येतो.

उठावाचं आलंच आहे तर सांगून टाकतो, कारण आजकाल शिकवणाऱ्या लोकांकडूनही हे नीट सांगितलं जात नाही. जाळी खाली, कार्ड वर, आणि कार्डाची छापील बाजू जाळीकडे. खालून दिवा. मागून गोल टोकाच्या सळईने पोकळीच्या कडेकडेने दाबत जायचं, मधोमध घासत बसायचं नाही. कड उठली की मधलं आपोआप फुगतं. आधी मेणकागद कार्डावर एकदा फिरवून घ्या, सळई घसरत जाते, कागद फाटत नाही. काळ्या-निळ्या जाड कार्डातून उजेड येत नाही, तिथे बोटाने चाचपूनच काम करावं लागतं. त्याची घाई असणाऱ्याने गडद कार्ड घेऊच नये.

पितळी जाळी रंगाला आणि पेस्टला (पोकळीत पट्टीने ओढायचा घट्ट लगदा, सुकला की नक्षी उठून राहते) चालते, पण महाग पडते आणि वाकली की गेली. पोलिस्टरची शीट आली तसं आमचं काम बदललं. 2012 साली कर्ज काढून लेसर कटिंगचं मशीन घेतलं. मामांना वाटलं आता आपलं काम संपलं. मी त्यांना मशीनशेजारी खुर्ची टाकून दिली आणि सांगितलं, कापणार मशीन, ब्रिज तुम्हीच ठेवणार. तसंच झालं. लेसरचा किरण स्वतःची रुंदी खातो, कापताना दोन्ही बाजूंनी थोडं थोडं जातं, म्हणून संगणकावर ब्रिज दिसतो त्याहून अंगाने जास्त काढावा लागतो. शेजारच्या दोन पोकळ्या लागोपाठ कापल्या तर मधली पट्टी उष्णतेने आकसते, म्हणून एक इथली, एक तिथली असा क्रम लावावा लागतो. हा क्रम मामांनी लावून दिला, संगणकाला हात न लावता, कागदावर आकडे घालून.

आणि खान्देशचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या घरात, शेडचे पत्रे तापलेले. लेसरच्या नळीला थंड पाणी फिरतं ठेवावं लागतं, पाणी तापलं की किरण ढिला पडतो आणि नळीचं आयुष्य कमी होतं. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यायची ऐपत येईपर्यंत आम्ही उन्हाळ्यात कापायचं काम रात्रीच केलं आणि टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडत राहिलो. पुण्यातला कोणी मशीनवाला मला “सेटिंग काय ठेवता?” विचारतो, तेव्हा मी आधी विचारतो, तुमच्या पाण्याचं तापमान काय?

आता त्या व्यापाऱ्याचं. स्टेशनरीचा ठोक धंदा, आमचा माल सगळ्यात जास्त उचलणारा माणूस. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. 2016 च्या गणपतीआधी त्याने मोठी ऑर्डर दिली. केळीवेल, मोर, गुलाबाईच्या झालरी, पैठणीचे काठ, सगळी चालती डिझाइनं. उधारी नव्वद दिवसांची. आम्ही शीटचे रोल उसनवारीवर आणले, शेडमध्ये रात्रपाळी लावली, माल वेळेवर पोचवला. ऐन हंगामात पेट्या परत. “माल उठत नाही.” मी स्वतः त्याच्या पेठेत गेलो तर दुकानादुकानांत आमचीच वेल, आमचाच मोर, एक तृतीयांश भावात टांगलेला. पाकिटावर कोणाचंच नाव नाही.

तो म्हणाला, मोर काय तुझ्या एकट्याचा आहे का? मोर माझा नाही, हे खरं. पण आमच्या मोराच्या मानेत मामांनी एक तिरपा ब्रिज ठेवला होता. सरळ ठेवला असता तर मान कापल्यासारखी दिसते, म्हणून पिसांच्या ओळीत मिसळणारा तिरपा. त्या नकलेत तोच ब्रिज होता, त्याच जागी, त्याच कोनात. स्कॅन करून, लहान करून, कापून घेतलेलं काम. हे मी त्याच्या तोंडावर, त्याच्या गल्ल्यावर दोन्ही शीट ठेवून दाखवलं. त्याने शीटकडे बघितलंसुद्धा नाही, नोकराला चहा सांगितला. तो चहा मी घेतला नाही.

चोरीपेक्षा जास्त लागलं ते पुढचं. शीट वाचवायला त्याने नक्षी लहान केली होती. नक्षी लहान केली की ब्रिजही त्याच प्रमाणात बारीक होतात, आणि वर माल पीव्हीसीच्या मऊ, पातळ शीटचा. पेस्ट ओढली की ब्रिज ताणला जायचा, सुटायचा, रंग खाली पसरायचा. आणि तक्रारी आमच्याकडे! कारण नक्षी बघून लोकांना वाटे माल जळगावचाच. “तुमच्या शीट आता पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत,” हे वाक्य मी फोनवर इतक्या जणांकडून ऐकलं, की घंटी वाजली तरी घरातले माझ्याकडे बघायचे.

वसुलीला निघालो तोवर 8 नोव्हेंबर आला. नोटबंदी. लग्नसराईची पाकिटं, पत्रिका, सगळ्यांचाच हात आखडला. त्या व्यापाऱ्याचा निरोप आला, जुन्या नोटांत घेत असशील तर आज ये. मी गेलो नाही. बँकेचे हप्ते थकले, शेडमधली पोरं दुसरीकडे गेली, घरातलं सोनं गहाण पडलं. मशीनला गिऱ्हाईक शोधायला लागलो होतो. मामा रोज येत होते, पगार न घेता, आणि जुन्या जाळ्यांच्या कडा पुसत बसत होते.

त्या दिवसांत धुळ्याच्या ताई एसटीने आल्या. त्या आहेराची पाकिटं आणि हाताने सजवलेले अल्बम करतात, गल्लीतल्या बायकांना काम देतात. पितळेच्या काळापासूनचं आमचं गिऱ्हाईक. पिशवीतून त्यांनी एक नकली शीट काढली, आमची एक मागून घेतली, आणि आमच्याच टेबलावर एकाच काळ्या कार्डावर शेजारी शेजारी दोन्ही लावल्या. पांढरी पेस्ट, एकच पट्टी, एकाच दमात ओढलेली. शीट उचलल्या. आमच्या मोराची पिसं वेगवेगळी मोजता येत होती. दुसऱ्याचा नुसता पांढरा डाग झाला होता. ताई म्हणाल्या, “दादा, माझ्या बायकांना पाकिटामागे पैसे मिळतात. शीट तुटली की त्यांचा दिवस बुडतो. मला स्वस्त नको, पाकिटाच्या झाकणावर बसेल एवढी लहान करून द्या, पण तुटायला नको.” आणि सबंध हंगामाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले.

मामांनी ती लहान नक्षी नव्याने काढली. जुनी दाबून लहान केली नाही, नव्याने काढली. पिसं कमी केली, ब्रिज होते तेवढेच जाड ठेवले, दोन पोकळ्यांची एक केली. नकलेच्याच मापाची शीट, पण मूठभर पाकिटांवर नव्हे, शेकड्यांवर चालणारी. ताईंच्या पाकिटांवरून ती नंदुरबारला गेली, शहाद्याला गेली, मालेगावच्या पत्रिकावाल्यांपर्यंत पोचली. सोनं सुटलं. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरवाले कागद-पुठ्ठ्याकडे वळले, तेव्हा आमच्या हातात मोठ्या झालरींची तयार डिझाइनं होती. पुढची वर्षं कामात गेली. टाळेबंदीचा फटका बसला, तो सगळ्यांनाच बसला. चिलर घेतला. दुसरं मशीन घेतलं.

लेसरवर शीट कापणाऱ्या नव्या मुलांना एक कळकळीने सांगतो. पीव्हीसी लेसरखाली घालू नका. ती जळते तेव्हा हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो मशीनचं लोखंड खातो आणि तुमची फुफ्फुसंही. शीटवाला पोलिस्टर म्हणून काहीही देतो. तांब्याची तार ज्योतीत लाल करा, शीटला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की शीट परत करा. हे दार-खिडक्या उघड्या ठेवून करा. वापरणाऱ्यांसाठीही थोडं आहे. पेस्टचा उठाव शीटच्या जाडीएवढाच येतो, तेव्हा उंच उठाव हवा असेल तर जाड शीट मागा, एकावर एक थर देत बसू नका. रंगाला ब्रश जवळजवळ कोरडा हवा, आधी रद्दी कागदावर टिपून घ्या, मग सरळ उभा धरून थोपटा. घासलात तर रंग ब्रिजखाली शिरणारच. काम झालं की शीट लगेच पाण्यात टाका आणि सपाट ठेवा. गुंडाळी करून ठेवलेली शीट पुन्हा कार्डावर नीट बसत नाही, मग ती आमच्याकडे घेऊन येऊ नका.

त्या व्यापाऱ्याचं बिल अजून वहीत येणंच आहे. त्याच्या काउंटरवर आमची केळीवेल अजून विकली जाते आणि तो मला लग्नकार्यात भेटला की नमस्कार करतो, जणू काही झालंच नाही. मी नमस्कार परत करत नाही. घरातले म्हणतात आता सोडा. नाही सोडणार. मामांच्या डोळ्यांवर झालेल्या कामाचा तो पैसा आहे.

मामांना आता बारीक दिसत नाही, तरी नवी नक्षी आली की प्रिंट मोठी काढून त्यांच्या घरी नेतो आणि ते ब्रिजांवर बोट ठेवत जातात. ह्या वर्षी कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा, संच करतोय. खान्देशाबाहेर कोणी तो मागणार नाही हे माहीत आहे, पण श्रावणात घरोघरी कानबाई बसते तेव्हा मागे लावायला प्लॅस्टिकची फुलं का असावीत? चौरंगाची झालर, नारळाभोवतीची कमान आणि केळीच्या खांबांचे दोन पट्टे एवढं त्यात आहे. कमानीतला वरचा ब्रिज मामांनी दोनदा परत पाठवलाय. त्यांनी हो म्हटलं की कापायला घेऊ, आणि पहिल्या शीट धुळ्याला जातील.