कोऱ्या नमुन्यातलं क्रोमियम

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये केलेले अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे) दोन नमुने घेऊन आम्ही कोल्हापूरला रमण वर्णपट मोजायला गेलो होतो. नमुन्यावर लेसर टाकल्यावर विखुरलेला प्रकाश लेसरपासून किती सरकला, ते हा वर्णपट ‘प्रति सेंमी’त दाखवतो. एकात ०.१ टक्का क्रोमियम, दुसरा कोरा.

नमुने ज्वलन पद्धतीचे. ७.५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि ३ ग्रॅम युरिया थोड्या पाण्यात विरघळवून ५०० अंशांच्या मफल भट्टीत ठेवायचं. द्रावण उकळतं, फसफसतं, पेट घेतं आणि साधारण १ ग्रॅम फुगलेली पांढरी पावडर उरते. पावसाळ्यात नायट्रेट बाटलीतच ओलं होतं, मग वजन चुकतं आणि ज्योत नीट धरत नाही. क्रोमियम नायट्रेट लागतं अवघं ८ मिलिग्रॅम. ते थेट तोलू नये, ०.४ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २ मिलिलिटर पिपेटने घ्यावं.

आधी कोरा नमुना लावला, लाल ६३२.८ नॅनोमीटरचा लेसर. ४१८ प्रति सेंमीला अ‍ॅल्युमिनाचं पीक (वर्णपटातलं टोक) आलं, ते यायलाच हवं. पण १३७० आणि १४००ला दोन टोकदार पीक त्याच्या कितीतरी वर गेलेले.

‘‘सर, युरियाचा कार्बन राहिला असेल का?’’ विद्यार्थ्याने विचारलं.

शंका रास्त होती. पण कार्बनचे पीक रुंद असतात आणि १५८०च्या आसपास जोडीदार दिसतो. इथे तो नव्हता. अशा वेळी लेसर बदलून पाहावा. रमणचं पीक असेल तर आकडा तोच राहतो. हिरव्या ५३२वर तेच दोन पीक ४३६५ आणि ४३९५ला जाऊन बसले. म्हणजे हा रमण नव्हेच, प्रकाशदीप्ती: लेसर शोषून पदार्थाने स्वतःच्या ठरलेल्या रंगात टाकलेला प्रकाश. लाल लेसरचे १५८०३ प्रति सेंमी उणे १४०० म्हणजे १४४०३ प्रति सेंमी, अर्थात ६९४.३ नॅनोमीटर: माणकाची आर-१ रेषा. अ‍ॅल्युमिनियमच्या जागी बसलेलं क्रोमियम. थीटा अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनाची वेगळी स्फटिकरचना) असता तर रेषा ६८३ आणि ६८६ला आल्या असत्या. म्हणजे स्फटिक माणकाच्याच रचनेचा, अल्फाच होता.

क्रोमियम आलं कुठून? पावडरीत पाच ठिकाणी मोजलं. दोन ठिकाणी रेषा प्रखर, तीन ठिकाणी मंद. द्रावणातच क्रोमियम असतं तर ते सगळीकडे सारखं पसरलं असतं. हे सुटे कण होते. मग आठवलं, कोरा नमुना पेटवला ती अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल (भट्टीत ठेवायची वाटी) आदल्या आठवड्यात क्रोमियमच्या नमुन्याला वापरली होती आणि तळाला चिकटलेली पावडर स्टीलच्या स्पॅच्युलाने खरवडून काढली होती.

परत येऊन तेच द्रावण सिलिकाच्या स्वच्छ बशीत पेटवलं आणि पावडर प्लॅस्टिकच्या चमच्याने काढली. पुढच्या फेरीत पाचही ठिकाणी रेषा मंद आणि सारखी आली. पूर्ण गेली मात्र नाही. एवढं क्रोमियम बाटलीतल्या नायट्रेटमध्येच आहे, आणि डोप केलेल्या (मुद्दाम क्रोमियम घातलेल्या) नमुन्याच्या तीव्रतेतून ते वजा करूनच आम्ही आता आलेख काढतो.